भरल्या पानावरून

१

रोज सकाळी साडेपाचला मी वच्छलाला नदीवर काढायचो. काढायचो हाच शब्द बरोबर, कारण ती आपणहून कधी निघाली नाही. गुडघे झिजलेले, शुगर अडीचशेच्या घरात, आणि डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलेलं. मी जिल्हा परिषदेत सदतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कागदावर लिहून आलं की ते पाळायचं, एवढंच मला येतं.

आमचा लेआउट, म्हणजे घरांची वसाहत, नागपुरात बेसा रोडच्या आत. मागून पोरा नदी जाते. नदी म्हणायचं आपलं. उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या नाल्याएवढं पाणी, त्यात जलपर्णी आणि कडेनं बगळे. पण काठानं गट्टू बसवून फिरायला छान सपाट वाट केलेली आहे, बाकं आहेत, कडुनिंब आहेत. आमच्या फाटकापासून रपट्यापर्यंत एक किलोमीटर. रपटा म्हणजे पलीकडच्या लेआउटला जायचा बुटका पूल. तिथवर जायचं, परत फिरायचं, असं दोनदा.

वच्छला प्रत्येक बाकावर टेकायची. टिटवी दिसली की थांबायची, कुणाच्या कुंपणातला मोगरा दिसला की थांबायची. मी मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरायचो.

"अहो, काहून घाई करून राहिले तुम्ही? नदी कुठं पळून चालली का?"

"नदी नाही, वेळ चालला."

पदराच्या टोकाला तिनं गुळाचा खडा बांधलेला असायचा. तो मला सापडायचा आणि मी तो नदीत फेकायचो. ती हसायची, म्हणायची, पुढच्या जन्मी मी तुमची बायको नाही, साखर कारखान्यातली मुंगी होणार. मला हसू यायचं नाही. आमचा एकुलता एक मुलगा विक्रम पुण्याला. तो सणालाही येईल तर येईल. वच्छला माझ्याआधी गेली तर त्या घरात मी काय करणार, या धास्तीनं मी तिच्या मागे लागलेलो असायचो. तिला वाटायचं, माझा स्वभावच तसा. मी तिला कधी खरं सांगितलं नाही, हे आता बोलून काय उपयोग.

२

वाटेवर चंपतराव भेटायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळ कुहीकडचे, अडुसष्ट वर्षांचे. रपट्यापलीकडे सून गोपिकाबरोबर राहायचे. मुलगा सावनेरच्या कोळसा खाणीत गाडी चालवायचा, तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. चंपतराव हळू चालायचे, त्यामुळे वच्छलाचं त्यांच्याशी जमायचं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी त्यांनी रपट्याजवळ आम्हाला थांबवलं.

"वैनी, परवा अखजी हाय. माह्या मायच्या नावानं अहेव बाई पाहिजे पानावर बसाले. माय कुंकवासकट गेली. तुमी याल का?"

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची आणि कुणाला तरी त्यांच्या जागी पानावर बसवायचं. त्या जेवणापुरतं ते माणूस म्हणजेच गेलेलं माणूस. पुरुषासाठी पुरुष, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी सवाष्ण. यात वावगं काही नाही. मी लहानपणापासून बघत आलो आहे.

वच्छला खूश झाली. आम्हाला जेवायला बोलावणारं नागपुरात आता उरलंय कोण.

"येईन की," ती म्हणाली. "तुमच्या आईला काय आवडायचं?"

"मायले सारंच आवडे. लय खाणारी होती माय," चंपतराव म्हणाले.

मी तेव्हाच मनात शुगरचा हिशेब मांडायला घेतला होता.

३

दुपारी बाराच्या आत पोचलो. चव्वेचाळीस अंशांचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत कूलर धडधडत होता. कोपऱ्यात नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज ठेवलेलं. जमिनीवर पाट आणि पळसाची पत्रावळ, एकच. मला बाजूला खुर्ची दिली.

चंपतरावांनी वच्छलाचे पाय धुतले. गोपिकानं हळदकुंकू लावलं. वच्छला तिची लिंबाच्या रंगाची साडी नेसली होती. थोडी लाजून म्हणाली, "चंपतराव, मी तुमच्याहून पाच वर्षांनी लहान आहे हो."

ते हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "माय, जेव."

पुरणपोळी, वडे, कढी, कुरड्या, आणि वाटीत आमरस. वच्छला जेवायला लागली. एवढं मन लावून ती कधी जेवल्याचं मला आठवत नाही. घरी माझी नजर असायची ना तिच्या ताटावर. चंपतराव समोर बसून पंख्यानं वारा घालत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिची पहिली पोळी संपली. दुसरी अर्धी झाली, रसात बुडवून. गोपिकानं तिसरी आणली, वर तुपाची धार.

"बस झालं," मी म्हणालो.

"अहो, एवढी खाऊ द्या. रोज कुठं खाते?"

"शुगर किती होईल माहीत आहे? ऊठ."

तिनं घास उचलला होता. मी खुर्चीवरून उठलो, तिची पत्रावळ बाजूला सरकवली आणि तिला दंडाला धरून उभं केलं. तिच्या बोटांवरून रस पाटावर गळला. कूलर एकटाच बोलत होता.

"साहेब," चंपतराव शेवटी म्हणाले, रागावून नाही, घाबरल्यासारखे. "मायले भरल्या पानावरून उठवलं तुमी."

"तब्येतीपुढं काय करणार, चंपतराव. आपण शिकलेली माणसं."

गोपिका पोळी हातात घेऊन तशीच उभी होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. सरकवलेल्या पत्रावळीकडे बघत होती, आणि तिथं कुणी अजून जेवत असावं तशी, वाढायला वाकावं की नाही, या घोळात.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला माझ्याआधी उठून बूट घालून बसली होती. मला बरं वाटलं. वाटेवर ती एकाही बाकावर टेकली नाही. मोगऱ्याच्या कुंपणापाशीसुद्धा थांबली नाही. मला धाप लागली आणि ती चार पावलं पुढे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काहीतरी चावत होती.

"काय खाऊन राहिली?"

"काही नाही."

जबडा हलतच होता, सावकाश, शिस्तीत. मी पदर तपासला. गूळ नव्हता. माणूस म्हातारपणी किती हलका होतो बघा, मी भर वाटेवर बायकोला आ करायला लावलं. तोंडात काही नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि पुन्हा चावायला लागली.

रपट्यावर चंपतराव भेटले. "माय, झोप लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली," ती म्हणाली.

कालची थट्टा चालू ठेवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण चंपतराव थट्टा करणारे गृहस्थ नव्हते, आणि मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

घरी ती जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि उठली. रात्री तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. मी विचारलं तर म्हणाली, इथं भूक लागत नाही.

५

पंधरा दिवसांनी शुगर तपासली. एकशे दहा. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. काका, असे नवरे सगळ्यांना मिळोत, म्हणाले. गुडघे दुखत नव्हते, वजन उतरलं होतं. लेआउटमधल्या बायका वच्छलाला काय करता, काय खाता म्हणून विचारायला लागल्या. मी कागदावर लिहून आलेलं सगळं तडीला नेलं होतं आणि मला घरात बसवत नव्हतं.

एका दुपारी ती आतल्या खोलीत झोपली होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. चावण्याचा आवाज आला, ओल्या घासाचा, स्वस्थ. मी उठून आत गेलो. वच्छला कुशीवर झोपलेली, ओठ मिटलेले, जबडा स्थिर. आवाज मात्र चालू होता. मी कान देऊन उभा राहिलो. तो तिच्याकडून येत नव्हता. मागच्या दाराकडून येत होता, ज्या दाराबाहेर आमचं अंगण आणि अंगणापलीकडे नदीची वाट. दार उघडलं तेव्हा आवाज थांबला. ऊन होतं फक्त. उंदीर असेल, कवळी घातलेल्या माझ्याच तोंडाचा आवाज असेल, कारणं काढायला मला कधी कमी पडलेलं नाही. मी दाराला कडी घातली.

त्याच संध्याकाळी तिनं मला "साहेब" म्हणून हाक मारली. मग म्हणाली, "मले घरी जायचं हाय. पोरगा वाट पाहत असन."

"विक्रम पुण्याला आहे."

"कोन विक्रम?"

विक्रम विमानानं आला. तिनं त्याला चहा दिला आणि त्याचं गाव विचारलं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, विस्मरणाची सुरुवात म्हणाले. म्हणजे सगळ्याला नाव होतं. नाव मिळाल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं.

विक्रम गेल्यावर ती रोज सकाळी रपट्यापाशी आली की परत फिरायची नाही. पलीकडे जायची. मी हात धरला तर हात सोडवून घ्यायची, तिच्या अंगात इतकं बळ कधी आलं कोण जाणे. चंपतरावांच्या घरी ती पोटभर जेवायची. गोपिकानं सांगितलं, चार-चार पोळ्या. आधी दुपारी परत आणायचो. मग संध्याकाळी. जूनमध्ये एक दिवस ती आलीच नाही.

"बाबा, तिथं जेवते ना?" विक्रम फोनवर म्हणाला. "मग जेवू द्या. चांगली माणसं आहेत ती. तुम्ही तिला एक घास सुखानं खाऊ दिला नाही कधी."

मी फोन ठेवला. खरं होतं त्याचं.

६

जुलैमध्ये मी चंपतरावांकडे गेलो ते मान खाली घालून. वच्छला उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. गडद रंगाचं लुगडं, केस चापून बसवलेले. तिनं मला बसायला सांगितलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली. तिचा जबडा आता हलत नव्हता.

"चंपतराव, माझी चूक झाली," मी म्हणालो. "तिला पुन्हा पानावर बसवा. पोटभर वाढा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. मग मला म्हणा, तुमची बायको परत न्या."

गोपिका स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत.

"बसवून पाह्यलं काका. अमावस्येले बसवलं, पुनवेले बसवलं. माय जेवते. ढेकर देते." ती अडखळली. "काकू काही उठून येत नाहीत पानावरून."

"म्हणजे काय, गोपिका?"

"मले नाई समजत काका. तुमी शिकलेले."

वच्छलानं खडा वेचून उंबऱ्याबाहेर टाकला.

अकरा वाजले असतील. पाऊस नव्हता, उकाडा होता. मी रपटा ओलांडून आमच्या काठावर आलो आणि नदीच्या वाटेला लागलो. तिसऱ्या बाकावर एक बाई बसलेली होती. माझ्याकडे पाठ, तोंड नदीकडे. लिंबाच्या रंगाची साडी. पायात चालायचे बूट, उजवा पाय थोडा लांब केलेला, गुडघा दुखतो तेव्हा करतात तसा. उजवा हात कोपरात वाकवून अंगापासून दूर धरलेला, खरकट्या हाताचा डाग साडीला लागू नये म्हणून धरतात तसा. मागून फक्त गालाची कड दिसत होती. ती हलत होती.

पंचवीस पावलं असतील मधे. मी म्हणालो, अशा साड्या बाजारात शेकड्यानं मिळतात. मी म्हणालो, वच्छलाला आत्ता पलीकडे तांदूळ निवडताना पाहून आलो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि मग वाटलं, हिनं मागे वळून बघितलं तर. आयुष्यभर जिला मी चल, ऊठ, घाई कर म्हणालो, तिला नुसतं वच्छला म्हणून हाक मारायचं धाडस मला झालं नाही. मी मागे फिरलो आणि मोठ्या रस्त्यानं, वळसा घेऊन घरी गेलो. त्या दिवसापासून नदीवर जाणं सोडलं.

७

पितृपक्षात सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी माझ्या फाटकाशी दोघं आली. चंपतराव मागे उभे राहिले. वच्छला पुढे आली. माझ्याच घराच्या फाटकाशी, कडी कशी उघडते ते तिला ठाऊक नव्हतं.

"साहेब, उद्या आमच्या घरी जेवाले याल का? आमच्या घरधन्याच्या नावानं पुरुष माणूस पाहिजे पानावर बसाले."

चंपतरावांचा बाप. तिचा नवरा. म्हणजे मी तिचा नवरा म्हणून बसायचं, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या जागी. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावरची ती बारीक खूण होती, विक्रमच्या वेळी पायरीवरून पडली तेव्हाची.

"येईन," मी म्हणालो.

रात्रभर मी विचार केला आणि एक ठरवलं. ती भरल्या पानावरून उठली आणि त्या घरची झाली. मीही उठेन. अर्ध्या जेवणावरून उठेन, कुणी काही म्हटलं तरी उठेन. मग जे व्हायचं ते होवो, निदान त्या दोन खोल्यांत तिच्याजवळ राहीन, तिचा कुणीही म्हणून. या वयात मला दुसरं काय हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाट मांडलेला होता, पळसाची पत्रावळ होती. चंपतरावांनी माझे पाय धुतले. वच्छला स्वतः वाढायला बसली. खीर, वडे, भाजी, कढी. पदरानं माझ्यावर वारा घालत ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी म्हणजे त्याच्याशी. शेतातली कापसाची पऱ्हाटी बरी आहे म्हणाली. नातसून चांगली आहे म्हणाली. "तुमी मले कधी जेवताना टोकलं नाई," ती म्हणाली. "माहं पान संपेस्तोवर बसून राहात."

"हो," मी म्हणालो.

पान अर्धं झालं होतं. हीच वेळ होती. मी डावा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी.

"पोटभर जेवा," ती म्हणाली. "अर्ध्यावरून उठू नका. मागच्या अखजीले एका बाईले तिच्या माणसानं या पाटावरून उठवलं, हातात घास होता तिच्या. मले तिची लय दया येते. भुकेली हाय ना बिचारी. नदीवर बसून राहते, माणसाची वाट पाहत. मी इथून रोज पाहते तिले."

खिडकीतून पलीकडचा काठ दिसत होता, कडुनिंब दिसत होते. मी तिकडे बघितलं नाही.

मला सगळं समजलं, जेवढं माझ्यासारख्याला समजावं तेवढं. आता उठलो तर मी या घरचा होणार नव्हतो. या घरचं दुसरंच कुणी होणार होतं, माझ्या अंगानं. मी त्या बाकावर जाणार होतो, तिच्या शेजारी. माझी वच्छला तिथं होती, खरकट्या हातानं, पाच महिने. फक्त उठायचं होतं. उठणं एवढं सोपं होतं की गेल्या वेळी मी ते तिला एका हातानं करायला लावलं होतं.

माझा हात जमिनीवरून परत मांडीवर आला.

मी जेवलो. खीर संपवली, वडे संपवले. गोपिकानं आणखी वाढलं, तेही संपवलं. भात कालवून खाल्ला, शेवटचं शीत बोटानं टिपून घेतलं. चंपतरावांनी विचारलं, "पोट भरलं का बाबा?"

"भरलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. विडा दिला. दोघं मला त्यांच्या फाटकापर्यंत पोचवायला आली, वच्छलानं पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

घरी मी मोठ्या रस्त्यानं गेलो.